अर्ध्या कोयत्याची ओळ

सर कोणाच्याही माऊसला हात लावत नसत. बिघडलेला कॉम्प्युटर बघायला आलेला माणूस, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. "दाबा," म्हणायचे. आपण बटण दाबायचं. "काय झालं?" आपण सांगायचं. "पुन्हा दाबा." बराच वेळ हाच खेळ. बटण कुठं अडतंय हे आपल्याच तोंडून वदवून घेतल्यावर ते रेक्झिनच्या पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड काढायचे, आमच्या मशीनला जोडायचे आणि मान खाली घालून कामाला लागायचे. काम झालं की कीबोर्ड पंच्यात गुंडाळून परत पिशवीत. दुसऱ्याच्या कीबोर्डवर बोट ठेवणं त्यांना दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवण्यासारखं वाटत असावं.

माझं त्यांच्याशी भांडण आहे. ते मिटलेलं नाही. पण माणसाबद्दल लिहायचं तर पुरतं लिहावं, म्हणून जे बरं होतं तेही सांगतो.

बारामतीत एका कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवायचे. ते सोडून दिलं. का सोडलं, याच्या वेगवेगळ्या कहाण्या ऐकल्या. कुणी म्हणायचं प्राचार्यांशी वाजलं, कुणी म्हणायचं वर्गात पोरं हसली म्हणून. विचारलं तर सर म्हणायचे, "माझा तास संपला होता." बारामती ते इंदापूर या पट्ट्यात ज्याला ज्याला नोंदी ठेवायच्या असतात, दूध डेअरीवाले, रोपवाटिकावाले, डाळिंबाचे व्यापारी, त्यांतल्या कित्येकांच्या मशीनवर सरांनी बांधलेला फॉर्म असायचा. फॉर्म म्हणजे पडद्यावरचा तक्ता. वरच्या भागात एक माणूस, खालच्या भागात त्याला जोडलेल्या ओळी. वर शेतकरी, खाली त्याच्या गाई. शेजारी दोन बटणं. एकानं ओळ वाढवायची, एकानं पुसायची. लोकांचे सगळे फोन या दोन बटणांसाठी. ॲड दाबलं तरी नाव घेत नाही, डिलीट दाबलं तर भलतंच जातं.

जनावरांच्या एका डॉक्टरचा किस्सा मी स्वतः बघितलेला आहे. माझ्या म्हशीचं औषध आणायला गेलो होतो, तर डॉक्टर डोकं धरून बसलेले आणि समोर सर, हात मांड्यांखाली. एका शेतकऱ्याची एक गाय मेली म्हणून डॉक्टरांनी तिची ओळ पुसली, तर गाय, बाकीच्या गाई आणि खुद्द शेतकरी, सगळे एकदम गेले.

"कर्सर कुठं होता?" सरांनी विचारलं.

"अहो, मी गाईचंच बटण दाबलं."

"बटण विचारत नाही. कर्सर कुठं होता? वर की खाली?"

"वर असेल. आधी त्याचा फोन नंबर बघितला."

"मग तुम्ही शेतकरी पुसलात. वरचा गेला की खालचे राहत नाहीत."

"पण मला फक्त ती तांबडी गाय—"

"गाय कुठली ते मला सांगू नका." सर उठूनच उभे राहिले. "ओळ सांगा."

ही त्यांची दुसरी तऱ्हा. नाव सांगितलेलं त्यांना चालत नसे. बिघाड कुणाच्या नावात आहे, ती बाई कोण, तो बुवा कोण, हे सांगायला लागलं की ते कानावर हात ठेवायचे. लाक्षणिक नाही, खरोखर दोन्ही तळहात कानांवर. मी एकदा चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "नाव ऐकलं की माणूस कळवळतो. कळवळला की घाई करतो. ओळीला घाई नसते."

त्या दिवशी डॉक्टरांच्या सगळ्या गाई त्यांनी परत आणल्या, हे मान्य करतो. माणूस आपल्या कामात तरबेज होता. जेवायला मात्र कुणाकडं थांबायचे नाहीत. एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून, पाठ सगळ्यांकडं करून, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे. चहा दिला तर ग्लासवर झाकण ठेवून निवू द्यायचे आणि निवला की नको म्हणायचे. घरी कोणी होतं की नव्हतं ते मी कधी विचारलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती व्यवहारात. मी सणसरचा. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागलो आणि हळूहळू स्वतःचे ट्रॅक्टर केले. हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आणायच्या, ऊस तोडून कारखान्याला पोचवायचा, हा माझा ठेका. इंदापुरात ऑफिस आहे. मला कुणी फुकट काही दिलेलं नाही, म्हणून मीही सांगितल्या भावानं काही घेत नाही.

सरांनी फॉर्मचा आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला. रीतच आहे. समोरच्यानं कपाळाला हात लावायचा, मी उठल्यासारखं करायचं, मग त्यानं हात धरून बसवायचं. सर नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी उठलो. ते बघत राहिले. मला परत खाली बसावं लागलं.

"कमी हवं असेल तर एक बटण कमी करतो," ते म्हणाले.

"कुठलं?"

"पुसायचं. तेवढंच अवघड असतं."

"आणि चुकून एखादं नाव पडलं म्हणजे?"

"चुकू नका."

"अहो सर, टोळीतली माणसं येत-जात असतात. पुसायला नको?"

"मग ठरलेलं द्या."

नाना तोंड फिरवून हसले. नाना म्हणजे आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. लोणी भापकरचे. जन्मभर वजनकाट्यावर नोकरी केली, निवृत्त झाल्यावर माझ्याकडं आले आणि एका बोटानं टाइप करायला शिकले. मी नानांकडं डोळे वटारून पाहिलं आणि सरांना सांगितलेला भाव दिला. पुरा भाव मी आयुष्यात तेवढ्या एकाच माणसाला दिला असेन. जो घासाघीस करत नाही, त्याच्यापुढं माझं काही चालत नाही.

फॉर्म कसा हवा ते मी सांगितलं. वर टोळी आणि तिचा मुकादम, खाली कोयते. आता कोयता म्हणजे काय, हे ऊसतोडीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. "किती कोयते?" असंच विचारतात, किती माणसं असं कोणी विचारत नाही. सरांनी विचारलं, "म्हणजे एका ओळीत दोघं?" मी म्हटलं, "एका ओळीत दोघं. जोडी." सरांनी तसं बांधलं. पहिल्या चौकटीत पुरुष, दुसऱ्या चौकटीत बाई, आणि पहिली चौकट रिकामी असेल तर ॲडचं बटण ओळच घेणार नाही. का, तर अर्धवट नोंद त्यांना खपत नसे.

त्या हंगामात एका टोळीत भीमा आणि मंदा नावाची जोडी होती. पौष संपता संपता भीमाचं आणि मंदाचं कशावरून तरी बिनसलं आणि भीमा कोयता टाकून नदीपलीकडं दुसऱ्या कारखान्याच्या टोळीत निघून गेला. मंदा राहिली. हंगाम अर्ध्यावर टाकून गावाला तोंड दाखवायचं नव्हतं तिला. ती दुसऱ्यांच्या मोळ्या वाहू लागली. एकट्या माणसाला आमच्यात अर्धा कोयता म्हणतात. कमी असतात, पण असतात.

नानांनी भीमाला पुसला. ओळ एकच, तेव्हा मंदाही गेली. मग मंदाला एकटीला टाकायला गेले, तर बटण घेईना. नानांनी सरांना फोन लावला. मी शेजारीच होतो, फोन स्पीकरवर होता.

"सर, आमच्या मंदाचं नाव घेईना हो."

"नाव नको. कर्सर कुठंय?"

"खालच्या खान्यात. समदं बराबर हाय. ही मंदा हाय बघा, नवरा गेला तिचा, म्हंजी मेला न्हाय, गेला—"

"पहिल्या चौकटीत काय भरलंय?"

"काय भरू? पुरुष न्हाय तिथं."

"मग घेणार नाही."

"आवो, पण मंदा हाय ना! रोज मोळ्या वाहतीया. अर्धा कोयता हाय ती."

"अर्धी ओळ नसते," सर म्हणाले. "तातडी असेल तर चौकटीत कुठलंही पुरुषाचं नाव भरा. सोमवारी येऊन बघतो."

"कुणाचं भरू? माझं भरू का?" नाना म्हणाले, आणि मी खो खो हसलो. सरांनी फोन ठेवला.

नानांनी काही भरलं नाही. मी म्हटलं, "टाका की मुकादमाचं." तर नाना माझ्यावरच घसरले. "आबा, ही यादी फडावर चिकटवत्यात. तिच्या नावाला दुसऱ्याच गड्याचं नाव? नवरा सोडून गेलेली बाई हाय ती. उद्या कुनी वाचून दाखवलं म्हंजी? सोमवारपत्तर काय आभाळ कोसळत न्हाय." ते बरोबरच बोलत होते. मीही सोडून दिलं.

सोमवार यायच्या आधी टोळीनं फड बदलला. दुपारची वेळ. ट्रॉलीत माणसं, भांडी, कोंबड्या, सगळा संसार. कालव्याच्या भरावावरून जाताना कड ढासळली आणि ट्रॉली पाण्यात कलंडली. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ. आसपासच्या वस्तीवरच्या लोकांनी दोर टाकले, पोरांनी उड्या टाकल्या. मी पोचलो तेव्हा माणसं काठावर ओली, कुडकुडत बसलेली. पोलीस विचारत होते, "गाडीत कोण कोण होतं?" मी नानांना फोन केला. नानांनी यादीचा फोटो मोबाईलवर पाठवला आणि ती यादी मीच मोठ्यानं वाचली. नाव वाचलं की जो तो "हाय" म्हणायचा. एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता, तोही "हाय" म्हणाला. यादी संपली. यादीतलं एकही माणूस कमी नव्हतं.

तेवढ्यात बायकांत गलका झाला. "मंदी कुठाय? मंदी न्हाय!" एक म्हणाली, "मागं हंड्यांवर बसली व्हती की." मुकादम पुढं आला. तो ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसला होता. "गप बसा. ती फाट्यावर उतरली. नवऱ्याकडं जाते म्हनत व्हती." बायका आणखी थोडा वेळ ओरडल्या. पोरांनी पुन्हा एकदोन बुड्या मारल्या. मग दोर गुंडाळले.

मंदा काही दिवसांनी सापडली. पुढं, कालव्याच्या लोखंडी दारापाशी.

आता प्रश्न असा पडला की ती ट्रॉलीतून पडली, की फाट्यावर उतरून नंतर स्वतः पाण्यात गेली. मुकादम आपल्या बोलण्यावरून हटला नाही. नवरा आला, तोही म्हणाला, "जीव दीन, जीव दीन, असं म्हनायचीच ती." टोळीतल्या बायकांना पोलिसांनी विचारलं, तेव्हा मुकादम पाच पावलांवर उभा होता. "पानीच पानी व्हतं, काय दिसलं न्हाय," एवढंच त्या बोलल्या. मग हंगाम संपला आणि टोळी आपल्या गावी गेली. माझ्या वकिलानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जेवढं कागदावर आहे तेवढंच बोला. यादीप्रमाणे सगळे सापडले, असा माझा जबाब. ट्रॅक्टर माझा होता, ड्रायव्हर माझा होता. धंदा करणारा माणूस पहिल्या दिवशी एवढंच बोलतो.

मग तिचा भाऊ आला. अंकुश नाव. गवंडीकाम करायचा, हाताला सिमेंटच्या भेगा. मला वाटलं भरपाईला आला असेल आणि मी मनात तयारी करून बसलो. तो आत आलाच नाही. ऑफिसच्या पायरीवर बसून राहिला. शेवटी मीच बाहेर गेलो.

"काय पाहिजे?"

"मला काय नगं. मंदाताईची पोरगी माझ्याकडं असती. शाळंत जाती. पोरं म्हनत्यात तिला, तुझ्या आयनं जीव दिला. नवऱ्यानं टाकलेली, म्हनून दिला." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "ताई गाडीत व्हती, एवढं कुठंतरी लिवून पाहिजे. शिक्क्याचं नसलं तरी चालंल."

"तुला कशावरून माहीत, गाडीत होती?"

"सकाळी फोन आल्ता तिचा. म्हनली, आज फड बदलायचाय, पोरीला फ्रॉक घेऊन ठिवलाय. जीव देनारी बाई फ्रॉक घेती व्हय, आबा?"

तो परत परत यायचा आणि पायरीवर बसायचा. शिव्या नाहीत, धमकी नाही, मागणं वाढवणं-कमी करणं नाही. मला संताप यायचा. माझ्याशी भांडला असता तर मी त्याला वाटेला लावला असता.

मला एकच रस्ता दिसला, तो म्हणजे सर. मंदा टोळीत नव्हती, कधीच निघून गेली होती, असं मुकादम आता म्हणू लागला होता, आणि यादी त्याच्या बाजूनं होती. ती टोळीत होती, तिचं नाव घालायची आमची खटपट चालली होती, हे अपघाताच्या आधी सांगितलेलं होतं ते फक्त सरांना. नाना माझे पगारी. सर तिऱ्हाईत, शिकलेले, एके काळचे प्राध्यापक. ते एक वाक्य बोलले की मुकादमाची बाजू ढिली पडणार होती. मी खटपट करून त्यांना चौकशीला बोलावलं. वकील म्हणाला, "स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेता?" मी म्हटलं, "पाय माझा आहे."

सर आले. पिशवी मांडीवर, हात पिशवीखाली.

चौकशी करणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारलं, "फॉर्म बिघडला होता का?"

"नाही."

"हे नाना म्हणतात, एका बाईचं नाव घेत नव्हता."

"घेणार नव्हताच. पुरुषाची चौकट रिकामी असेल तर घ्यायचा नाही, असाच केला होता."

"म्हणजे नाव घालायचा प्रयत्न झाला होता?"

"फोन आला होता. ओळ भरली जात नाही, असं सांगितलं."

"कुणाची ओळ?"

"ते मी ऐकत नाही."

मी ओरडलो, "सर! नानांनी तुम्हाला तिचं नाव सांगितलं! मी शेजारी बसलेलो होतो! मंदा म्हणाले, पुन्हा पुन्हा मंदा म्हणाले!"

सर माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. "म्हणाले असतील. मी ऐकलेलं नाही."

"ऐकलं नाही, की आठवत नाही?" साहेबांनी शांतपणे विचारलं. साहेब वाईट नव्हते.

"ऐकलं नाही. आठवत नाही म्हणालो तर ऐकलं होतं असं होईल."

साहेबांनी जे मिळालं ते लिहून घेतलं. बाहेर अंकुश भिंतीला टेकून उभा होता. मी सरांना तिथंच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी खांद्याला लावून स्टँडकडं चालू लागले. चालताना एकदा थांबले. वाटलं, वळतील. चप्पल नीट केली आणि गेले.

पण मी व्यवहार असा अर्ध्यावर सोडत नाही. काही दिवसांनी बारामतीला त्यांच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक टेबल, भिंतीला खिळा आणि खिळ्याला ती पिशवी. इतकी मोकळी खोली कैद्याचीही नसेल. सर वाळले होते. दाढी वाढलेली. टेबलावर मशीन चालू होतं आणि पडद्यावर माझाच फॉर्म होता, आमच्या टोळ्यांचा. खालच्या भागात एक कोरी ओळ. पहिली चौकट रिकामी ठेवून ते ॲडचं बटण दाबत होते. मशीन टुणकन वाजायचं. ते पुन्हा दाबायचे.

"काय करताय?" मी विचारलं.

"बघतोय."

"काय बघताय? घेत नाही ते माहीतच आहे."

"हो," सर म्हणाले, आणि पुन्हा दाबलं. त्या माणसाला बटण दाबताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी बोलणी सुरू केली. आधी म्हटलं, पुन्हा चौकशीला चला आणि नाव ऐकलं होतं म्हणा. नाही. मग म्हटलं, आठवत नाही तरी म्हणा. नाही. मग म्हटलं, चौकशी मरू द्या, त्या भावाला साध्या कागदावर लिहून द्या की मंदा नावाची बाई टोळीत होती. सरांनी मान हलवली.

"मला नाव माहीत नव्हतं. आता तुम्ही सांगितलंत. तुम्ही सांगितलेलं मी माझं म्हणून कसं लिहू?"

"एका पोरीचा जन्म जायचाय ते ऐकत ऐकत! तुमचं काय जातंय?"

"खोटं जाईल माझ्या सहीनं."

"खरं आहे ते!"

"तुमच्या तोंडी खरं आहे," सर म्हणाले. "माझ्या तोंडी नाही."

मी टेबलावर हात आपटला. माझं सगळं कसब संपलं होतं. अजून खाली उतरायला जागा नव्हती. म्हटलं, "मग तुमच्या तोंडी जे खरं आहे ते लिहा. काहीही लिहा. मी रिकाम्या हातानं जाणार नाही."

सरांनी मशीन बंद केलं. कागद घेतला. बराच वेळ लिहीत होते, पण लिहिलं थोडं. घडी न घालता माझ्याकडं दिला. मी तिथं वाचलाही नाही. कागद मिळाला, सही मिळाली, मला जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतर सर मला दिसले नाहीत. खोली सोडून गेले म्हणतात. कुठं, ते कोणाला ठाऊक नाही, आणि त्यांचे फॉर्म अडले की लोक अजून त्यांना शिव्या घालतात. त्यांत माझीही असते.

अंकुशला मी ऑफिसात बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो आत येऊन खुर्चीत बसला. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. तो एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागला.

"पुरुषाचे नाव नसल्यास स्त्रीची नोंद होऊ नये, अशी या फॉर्मची रचना होती. ही रचना मी केली. त्यामुळे एका स्त्रीची नोंद होऊ शकली नाही. अपघाताच्या आधी हे मला फोनवर सांगण्यात आले होते. मी त्या वेळी लगेच आलो नाही."

खाली सही. पूर्ण नाव, पत्ता, तारीख.

अंकुशनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद उलटून मागची बाजू बघितली.

"ह्यात ताई कुठं हाय, आबा?"

मला भडकायला तेवढं पुरेसं होतं. मी सरांना आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. दगडाच्या काळजाचा माणूस, म्हटलं, नाव ऐकायचं नाही, नाव लिहायचं नाही, म्हटलं, बाई मेली तरी याला ओळच दिसते. अंकुशनं मला बोलू दिलं. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "त्यांनी सही तरी केलीया."

नाना मशीनसमोर पाठ करून बसले होते. त्यांचं टाइप करणं थांबलं.

"काठावर बाया वराडत व्हत्या म्हनं," अंकुश म्हणाला. "मंदी न्हाय, मंदी न्हाय, म्हनून. हंड्यांवर बसली व्हती म्हनून. आता त्या बोलत न्हाईत. मी त्यांच्या गावाला जाऊन आलो. पन तवा वराडत व्हत्या, आन् तुमी तिथंच हुबं व्हता. तुमाला तर ऐकू आलं व्हतं ना, आबा?"

नाना उठले. प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं न बघता आपल्या जागेवर जाऊन बसले.

"आधी तिचं नाव लिवा," अंकुश म्हणाला. "फुडचं तुमी जाना."